पाचपैकी दोन: एका आहारशास्त्र प्रशिक्षणार्थीचं प्रकरण

सहाव्या आठवड्याच्या मूल्यमापनात मी तिला 'आत्मविश्वास' या रकान्यात पाचपैकी दोन गुण दिले. शेरा लिहिला: "विषय येतो, पण बोलत नाही. राउंडला विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. निर्णय घ्यायला वेळ लावते." तिने फॉर्म वाचला, सही केली, "बरं मॅडम" म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली. तिच्या जोडीच्या मुलाला त्याच रकान्यात मी पाच दिले होते. त्याचा फॉर्म भरायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

हे प्रकरण त्या दोन गुणांचं आहे. पेशंटची आणि दोन्ही प्रशिक्षणार्थींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र प्रसंगाच्या मापाचेच ठेवलेत, कारण त्यांच्याशिवाय काय घडलं असतं आणि काय टळलं ते कळणार नाही.

पार्श्वभूमी

आहारशास्त्र शिकून आलेली मुलं प्रशिक्षणाचे काही महिने प्रत्यक्ष कामावर असतात. वॉर्ड, ओपीडी, रुग्णालयाचं स्वयंपाकघर, समाजात जाऊन करायचं काम, असं फिरत राहायचं. प्रत्येक ठिकाणी एक मार्गदर्शक. प्रशिक्षणार्थी योजना लिहितो, मार्गदर्शक तपासून सही करतो, मगच ती केसपेपरला लागते. वॉर्डातलं पोस्टिंग आमच्याकडे बारा आठवड्यांचं असतं आणि बरीच वर्षं ते माझ्याकडे आहे.

प्रवेशाच्या मुलाखतींनाही मी बसते. "या क्षेत्रात का यायचंय?" या प्रश्नाला दहातले आठ जण सांगतात, "मला खाण्यापिण्याची फार आवड आहे." उरलेले दोघं सांगतात की त्यांनी स्वतःचं वजन कमी केलं आणि आता लोकांना मदत करायची आहे. पहिल्या उत्तराने काही बिघडत नाही, पण वॉर्डात त्याचा उपयोगही नाही. तिथे समोर येतो तो न खाणारा माणूस. दुसऱ्या उत्तराला मी जरा घाबरते. ज्याने आपल्या मनाच्या बळावर पंधरा किलो घटवले, त्याला ते न जमणारा माणूस आळशी वाटण्याची शक्यता असते, आणि पेशंटला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तिने मुलाखतीत काय उत्तर दिलं होतं हे मी नंतर जुने कागद काढून पाहिलं. लिहिलं होतं: "घरात आजारी माणूस होता, त्याचं पथ्य मी सांभाळायचे. ते नीट होत होतं का, हे कधी कळलं नाही." मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यापुढे 'ठीक' असं लिहून ठेवलं होतं. अक्षर माझंच होतं.

तिच्या जोडीचा तो मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा लाडका. राउंडला पुढे उभा राहायचा, डॉक्टरांनी विचारायच्या आत पोटॅशियमचा आकडा सांगायचा. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची नावं त्याला चार दिवसांत पाठ. ट्रॉली लिफ्टने बंद पडायचं ठरवलं त्या दुपारी यानेच कर्मचाऱ्यांची साखळी करून जिन्यावरून जेवण वेळेत पोचवलं, तेही मधुमेहाच्या आणि मिठाच्या पथ्याच्या ताटांची अदलाबदल होऊ न देता. हे छोटं काम नाही. स्वयंपाकघराशी ज्याचं जमत नाही तो कागदावर कितीही चांगलं पथ्य लिहो, पेशंटपर्यंत पोचतं ते वेगळंच काहीतरी.

ती मागे उभी राहायची. वहीत लिहायची. एका पेशंटला पाऊण तास लावायची, जिथे तो वीस मिनिटांत मोकळा व्हायचा. मी दोनदा टोकलं होतं.

तो सोमवार

सातव्या आठवड्याचा सोमवार. एकसष्ट वर्षांच्या एका बाईंसाठी आहार विभागाला बोलावणं आलं. अन्ननलिका अरुंद झाल्यामुळे घास अडकत होता, तपासण्या चालू होत्या. सकाळी दुर्बिणीतून पाहून नाकावाटे नळी बसवली होती आणि केसपेपरवर लिहिलं होतं: "फीड सुरू करावं." फीड म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न.

त्या दिवशी नऊ बोलावणी होती. माझी 'वेळ लावते' ही टीका ऐकून दोनच दिवस झाले होते. तिने केसपेपर उघडला. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २०.८, चिंतेचं काही नाही. नर्सिंगच्या नोंदीत 'मऊ आहार घेतात' असं तीन दिवस ओळीने. रक्तातलं पोटॅशियम ३.५, काठावर पण मर्यादेच्या आत. तिने किलोमागे ३० किलोकॅलरी धरून १,५६० किलोकॅलरीची योजना लिहिली. एका मिलीत एक किलोकॅलरी असलेलं फीड, तासाला ३० मिलीने सुरुवात, चार तासांनी ५०, मध्यरात्री ६५ आणि मग तोच वेग. मी वाचलं, गुणाकार बरोबर होता, सही केली. उभ्या उभ्या. चार वाजता फीड चालू झालं.

गुणाकार खरोखरच बरोबर होता. वजन चुकीचं होतं.

पाचला तिची ड्युटी संपत होती. पावणेपाचला ती पुन्हा त्या वॉर्डात गेली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर मी विचारलं तर तिलाही धड सांगता आलं नाही. "फीड लागलं की नाही ते बघायला," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "सकाळी मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांना दुर्बिणीला नेलं होतं, मी नुसता केसपेपर बघितला. ते डोक्यात राहिलं."

बाई जाग्या होत्या, शेजारी मुलगी. बाईंच्या बोटात अंगठी होती आणि ती पडू नये म्हणून आतल्या बाजूने तिला दोरा गुंडाळलेला. तिने विचारलं, "काकू, दोरा कधीपासून?" काकूंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी मीच गुंडाळून दिला, अंगठी सारखी निसटायची.

इथून पुढचं मी तिच्या वहीतून सांगते आहे, कारण प्रश्न कसे विचारावेत यासाठी ते पान मी आजही नव्या मुलांना दाखवते. तिने "नीट जेवता ना?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला 'हो' हेच एक उत्तर असतं. तिने विचारलं, "काल सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय घेतलंत?" पाणी. "त्यानंतर?" चहा, दोन घोट. "अख्खा कप?" नाही. "मग जेवणाचं ताट आलं तेव्हा कोण होतं इथे?" यावर दोघीही गप्प. वहीत तिने लिहिलंय: 'थांबले.' किती वेळ ते लिहिलेलं नाही. मग मुलगी म्हणाली, "ताट मी खाते. आईला घास जात नाही. ताट भरलेलं परत गेलं की सगळे तिला ओरडतात, म्हणून ती मला खायला लावते."

तीन दिवसांचा 'मऊ आहार' मुलीच्या पोटात गेला होता. भरती व्हायच्या आधीचे तीन दिवसही घरी पाणी आणि चहाच. आणि ५२ किलो हे वजन साडेचार महिन्यांपूर्वी कुठल्याशा तपासणीत झालं होतं. भरतीच्या वेळी विचारलं, तर बाईंनी तेच सांगितलं. सांगितलेलं वजन केसपेपरवर उतरलं, तिथून तिच्या योजनेत, तिथून माझ्या सहीखाली.

तिने सिस्टरना विनंती करून खुर्चीचा काटा आणवला. काटा दुसऱ्या मजल्यावर होता, वॉर्डातल्या मावशी जेवायला गेल्या होत्या, सिस्टर कामात. तो तिने स्वतः ढकलत आणला. काकूंना बसवलं. ४३ किलो.

फोन

सव्वासहाला मला फोन आला. तिचं पहिलं वाक्य होतं: "मॅडम, माझी चूक झालीये. वजन मी मोजलं नव्हतं, उतरवून घेतलं होतं."

असे फोन मी बरेच घेतले आहेत. त्यात पहिलं वाक्य बहुधा वेगळं असतं. "केसपेपरवर चुकीचं वजन होतं." "सिस्टरनी नोंद बरोबर केली नव्हती." "पेशंटने खरं सांगितलं नाही." ही तिन्ही वाक्यं या प्रकरणातही खरी ठरली असती. ती वापरणं खोटंही झालं नसतं. तिने वापरली नाहीत.

दुसरं वाक्य: "साडेचार महिन्यांत नऊ किलो, म्हणजे सतरा टक्के. सहा दिवस जवळजवळ काही नाही. आठ वाजता वेग वाढणार आहे."

यातलं महत्त्व या कामातल्या माणसाला लगेच कळेल. इतरांसाठी थोडं सांगते. बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर साठ्यातल्या चरबीवर आणि प्रथिनांवर भागवायला शिकलेलं असतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे रिकामे होत जातात, पण रक्तातला आकडा बराच काळ बरा दिसू शकतो. अशा माणसाला एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं आणि ही खनिजं रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातली पातळी झपाट्याने उतरते. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू थकतात, जीवही जाऊ शकतो. कर्बोदकं जाळायला लागणारं थायमिन हे जीवनसत्त्व कमी असेल तर मेंदूला इजा होते ती वेगळीच. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसून सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळालं आणि त्यातले काही त्यानंतर दगावले, तेव्हा वैद्यकाचं लक्ष याकडे गेलं. भुकेल्याला जेवू घालण्यात धोका असू शकतो हे मनाला पटायला जड जातं, आणि वॉर्डात ते विसरायलाही म्हणूनच सोपं असतं.

धोका कुणाला, हे ओळखण्याचे निकष ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ साली मार्गदर्शिकेत दिले. बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत नकळत १५ टक्क्यांहून जास्त वजनघट, दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ उपास, किंवा फीड सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट वा मॅग्नेशियम कमी. यातलं एकही पुरेसं. यापेक्षा सौम्य निकष असतील तर दोन लागतात. काकूंचा बीएमआय खऱ्या वजनाने १७.२ भरत होता, पण वजनघट एकटीच त्यांना धोक्याच्या यादीत बसवायला पुरेशी होती. अशांना सुरुवात दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरीने करायची, थायमिन आधी द्यायचं, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू गरजेपर्यंत पोचायचं. म्हणजे काकूंसाठी ४३० किलोकॅलरी. आमची योजना १,५६० ची होती. खऱ्या वजनाला भागलं तर किलोमागे ३६.

सव्वादोन तासांत सत्तर मिलीही आत गेलं नव्हतं. नुकसान झालेलं नव्हतं. व्हायला अजून अवकाश होता, एवढंच.

मी म्हटलं, "ड्युटीवरच्या डॉक्टरांना तू सांग. मी निघालेय." थोडी शांतता. मग, "मी सांगू?" माझ्या सहाव्या आठवड्याच्या शेऱ्यातला 'बोलत नाही' हा शब्द त्या शांततेत आम्हा दोघींनाही ऐकू आला असावा.

तिने सांगितलं. मी पोचले तेव्हा फीड थांबलेलं होतं आणि डॉक्टर वैतागलेले होते, कारण सकाळी आम्हीच दिलेली योजना संध्याकाळी आम्हीच मागे घेत होतो. त्यांनी तिला विचारलं होतं, "हे दुपारी नाही सुचलं?" तिने म्हटलं होतं, "नाही सुचलं सर. आता सुचलंय. फॉस्फेट पाठवायचं का?" सिस्टरनी हे मला नंतर हसून सांगितलं. त्यात उर्मटपणा नव्हता, तिला उर्मट होताच येत नाही. तिला फक्त फॉस्फेट हवं होतं.

रिपोर्ट आला: फॉस्फेट डेसिलीटरला २.१ मिलिग्रॅम, आमच्या प्रयोगशाळेची खालची मर्यादा २.५. पोटॅशियम आता ३.३. थायमिन दिलं, खनिजं भरून काढायला सुरुवात झाली, आणि रात्री साडेदहाला तासाला १८ मिलीने फीड पुन्हा लागलं. तिसऱ्या दिवशी, एवढ्या जपून देऊनही, फॉस्फेट १.८ वर गेलं. पूर्ण वेगाने दिलं असतं तर कुठे गेलं असतं याचा हिशोब मी केला नाही. पाचव्या दिवशी आकडे सावरले. दहाव्या दिवशी काकू १,३०० किलोकॅलरीला पोचल्या आणि मुलीने ताट खाणं बंद केलं. बंद म्हणजे, आता ती स्वतःचं ताट मागवू लागली.

नंतरचा आठवडा

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती फार गोड होईल. पुढचा आठवडा वाईट गेला.

दुसऱ्या दिवशी ती साडेसातला आली, हातात घटनाक्रम लिहिलेला कागद. वेळ, कोण, काय, कशावरून. कागद उत्तम होता. पण त्यानंतर ती प्रत्येक पेशंटचं वजन दोनदा करू लागली. काल मोजलेलं आज पुन्हा. दोन दिवसांसाठी भरती झालेल्या धडधाकट तरुणाचा आहार इतिहास तासभर. दुपारपर्यंत चार केसपेपर व्हायचे आणि पाच शिल्लक राहायचे. गुरुवारी एका बाळंतिणीला सल्ला न मिळताच घरी जावं लागलं, कारण ही दुसऱ्या वॉर्डात काटा ढकलत होती. चूक होऊ नये म्हणून धडपडणारी माणसं कामचुकारांइतकीच कामं मागे ठेवू शकतात, हे मी आधीही पाहिलं आहे. या धंद्यात काळजी घेणं गुणच आहे, पण त्याला कुंपण लागतं, आणि ते तिचं तिने घालायचं म्हटलं तर तिला जमणारं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही बसलो. मी तिला विचारलं, कुठल्या आकड्यांवर तू डोळे मिटून विश्वास ठेवशील? ती म्हणाली, कुठल्याच नाही. मी म्हटलं, मग तू संध्याकाळपर्यंत तीनच पेशंट बघशील. बरीच घासाघीस करून आम्ही यादी केली. स्वतः बघायच्या गोष्टी तीन: वजन मोजलेलं आहे की सांगितलेलं, ताट खरंच कुणी खाल्लं, आणि गेल्या सहा महिन्यांत काय बदललं. प्रयोगशाळेचा आकडा, औषधांची यादी, उंची, या सगळ्यावर विश्वास ठेवायचा, जोवर काही विसंगत दिसत नाही तोवर. तीन गोष्टींना दहा मिनिटं. ती यादी तिने वहीच्या आतल्या कव्हरवर चिकटवली. नवव्या आठवड्यात ती दिवसाला सात केसपेपर करू लागली. नऊपर्यंत ती शेवटपर्यंत पोचली नाही.

तो

त्याच्याविषयीही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल की या प्रकरणात तो उगाच तुलनेपुरता आहे.

नवव्या आठवड्यात मूत्रपिंडाच्या एका पेशंटला त्याने पोटॅशियमचं पथ्य समजावलं. सहा मिनिटं, एक चूक नाही, हातात छापील तक्ता. पेशंट मान डोलावत होता. तो बाहेर पडल्यावर मी आत गेले आणि पेशंटला विचारलं, "मग उद्या घरी गेल्यावर काय काय बदलणार?" म्हणाला, "मीठ कमी खायचं." पोटॅशियमचा प या माणसाच्या कानावरही गेला नव्हता. वर, मीठ कमी करायचं म्हणून पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ आणायचा बेत त्याने बोलून दाखवला. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसासाठी याहून वाईट खरेदी सुचणार नाही.

मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पण त्याने जे केलं ते मला आवडलं. तो सरळ तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "तू ते 'काल सकाळी पहिलं काय' वालं कसं करतेस ते दाखव." पुढचे दोन दिवस तो तिच्यामागे तिच्या वहीसारखी वही घेऊन फिरला. समजावून झाल्यावर पेशंटकडूनच परत वदवून घ्यायचं, हे त्याला मी व्याख्यानात दोनदा शिकवलं होतं. तिच्या शेजारी बसून एका दुपारीत आलं. ज्याला सगळ्यांनी हुशार म्हटलं आहे त्याने बरोबरीच्या, कमी गुण मिळालेल्या मुलीकडे शिकायला जाणं सोपं नसतं. सहाव्या आठवड्यात मी त्याच्या ज्या आत्मविश्वासाला पाच दिले होते तो मला आता तितकासा दिसत नव्हता, पण जे दिसत होतं त्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

मी काय चुकले

पोषण उपचाराची एक सर्वमान्य चौकट आहे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने ती २००३ साली स्वीकारली आणि आता ती अनेक देशांत शिकवली जाते. आधी मूल्यांकन, मग पोषणविषयक निदान, मग उपाय, मग पाठपुरावा. निदान लिहिताना तीन भाग लागतात: समस्या काय, कशामुळे, आणि कशावरून. तिसरा भाग नसेल तर मी प्रशिक्षणार्थीचा कागद परत करते.

सहाव्या आठवड्यात मी तिचं निदान लिहिलं होतं. समस्या: आत्मविश्वास कमी. कशामुळे: लिहिलं नव्हतं. कशावरून: राउंडला बोलत नाही. मी तिला पेशंटजवळ बसलेलं एकदाही शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. राउंडच्या दहा मिनिटांत जे दिसलं, आणि दोन सहकाऱ्यांनी जे सांगितलं, ते उतरवलं. म्हणजे केसपेपरवरचं ५२. आणि त्या चुकीच्या आकड्यावर मी उपायही लिहून टाकला होता: लवकर आवर. तिने तो पाळला आणि सोमवारी केसपेपर बघून, पेशंट न बघता, योजना लिहिली. तिची चूक तिचीच, हे ती नाकारत नाही आणि मीही नाही. पण ती करायला मी तिला दोन दिवस आधी गुण कापून शिकवलं होतं.

विभागाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. एका सहकारीचं मत पडलं की मी तिला झुकतं माप देते आहे. योजना लिहिताना वजन पडताळणं हे पहिल्या आठवड्यातलं शिक्षण आहे आणि संध्याकाळी चूक सापडली म्हणून सकाळची चूक पुण्य होत नाही. मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. त्यामुळे त्या आठवड्याच्या 'क्लिनिकल अचूकता' रकान्यात तिला तीनच मिळाले.

बैठकीत एक बदल ठरला: दर आठवड्याच्या फॉर्मवर एक प्रश्न घालायचा, "या आठवड्यात तुमचं काय चुकलं आणि ते कुणाला सांगितलं?" पुढच्या तुकडीने पहिल्याच आठवड्यात सुंदर उत्तरं दिली. 'एका पेशंटला नमस्कार करायला विसरले.' 'पेन आणलं नव्हतं.' सगळ्या चुका अशा की ज्या कबूल केल्याने माणूस आणखी चांगला दिसावा. दोन महिन्यांनी आम्ही तो प्रश्न फॉर्मवरून काढला. आता शनिवारी अर्धा तास बसतो आणि पहिल्यांदा मार्गदर्शक सांगतात. मी माझी उभ्या उभ्या केलेली सही सांगितली, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी काल एका पेशंटचं वजन अंदाजाने लिहिलंय. जाऊन बघून येऊ?" बैठक तिथेच थांबली.

बारावा आठवडा

शेवटच्या मूल्यमापनात 'आत्मविश्वास' या रकान्यात मी आकडा न लिहिता चार ओळी लिहिल्या. फॉर्म कार्यालयातून परत आला. आकडा हवा. मी चार लिहून पाठवला.

ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली, जे ती सहसा करत नसे, आणि विचारलं, "मॅडम, चार कशावरून?" मी तिला तीन प्रसंग सांगितले, तारखांसह, आणि पाचवा गुण का नाही त्याचा एक. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग फॉर्मवरून बोट खाली नेत 'वेळेचं नियोजन' या रकान्यापाशी आली. तिथे दोन होते. त्याविषयी तिने काही विचारलं नाही.

"हे बरोबर आहे," म्हणाली, आणि सही केली.